उणे अकरा वर्षांचा माणूस

"मॅडम, याचं वय काय लिहू?"

फौजदार लोमट्यांनी टोपी काढून माझ्या टेबलावर ठेवली. तिच्यातून पाणी ठिबकत होतं. "जन्मसाल विचारलं तर दोन हजार नऊ सांगतोय. आत्ता चालूय अठ्ठ्याण्णव. उणे अकरा लिहू का?"

त्यांच्या मागे उभा असलेला माणूस पन्नाशीचा असावा. अंगात पांढरा सदरा, खांद्याला कापडी पिशवी, पायात प्लास्टिकच्या चपला. चिखल घोट्यापर्यंत. दारू प्यायलेला वाटत नव्हता. वेडाही वाटत नव्हता, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

मी तेव्हा नायब तहसीलदार होते. नोकरीला सहा महिनेही झाले नव्हते. तहसीलदारसाहेब प्रशिक्षणाला गेले होते आणि सगळा तालुका माझ्या गळ्यात आला होता. शांतता बिघडवल्याची प्रकरणं आमच्याकडेच यायची. समोरच्याकडून चांगल्या वागणुकीचं बंधपत्र घ्यायचं आणि सोडून द्यायचं, एवढाच त्यांचा जीव. या माणसाने मात्र एक अख्खी वस्ती उठवली होती.

"नाव?"

"वामन गणोरकर."

"दोन हजार नऊ साली पोराचं नाव वामन ठेवतात होय?" लोमटे म्हणाले.

"आजोबांचं ठेवलं," तो शांतपणे म्हणाला.

"तळवाडीच्या लोकांना तुम्ही काय सांगितलंत?" मी विचारलं.

"घटस्थापनेच्या दिवशी सावरदऱ्याचा तलाव फुटणार म्हणून."

"आणि हे तुम्हाला कसं कळलं?"

"मी दोन हजार एक्कावन्न सालातून आलोय. तिकडे हे होऊन गेलेलं आहे."

लातूरहून आलोय म्हणावं, तितक्या सहज म्हणाला. घटस्थापना चार दिवसांवर होती.

सावरदरा बालाघाटच्या डोंगरात आहे. वर मातीच्या भरावाचा जुना तलाव, त्याच्या खाली तळवाडी. तिथली झाडून सगळी कुटुंबं गुराढोरांसकट माळावरच्या शाळेत जाऊन बसली होती. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. पोरं तापाने फणफणली होती, एक बाई चौथीच्या वर्गात बाळंत झाली होती. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात बातमी आली आणि कलेक्टरसाहेबांचा फोन आला. "धायगुडे, सणाच्या आत लोक आपापल्या घरी गेले पाहिजेत. कसं ते तुम्ही बघा."

लोकांनी याच्यावर विश्वास ठेवायला कारणं होती. हा श्रावणात गावात आला, मारुतीच्या देवळात राहिला. पोळ्याच्या आत गावचा विजेचा डीपी जळेल म्हणाला, आणि जळला. शाळेच्या मागची जुनी भिंत पडेल, पोरांना तिथे खेळू देऊ नका म्हणाला. भिंत पडली. आमच्या काळात माणसं बिनतारेचा फोन खिशात घालून फिरतात आणि त्यात एकमेकांची तोंडं बघून बोलतात, असंही सांगायचा. त्यावर लोक पोट धरून हसले होते. पण डीपी जळल्यावर हसणं थांबलं.

मी कागद पुढे सरकवला. "हे बघा. मी सांगितलं ते खोटं होतं, एवढं लिहून द्या. मी तुम्हाला आत्ता सोडते."

"देतो. घटस्थापना झाली की देतो."

"आत्ता द्या."

"आत्ता दिलं तर ते खाली येतील."

लोमट्यांनी हात चोळले. "मॅडम, माझ्याकडे द्या. संध्याकाळपर्यंत चालू सालात आणतो."

मी नको म्हणाले. त्याला कोठडीत टाकलं असतं तर लोकांची खात्रीच पटली असती. मला त्याला त्यांच्यासमोर उघडं पाडायचं होतं.

त्यासाठी माणूसही होता. डोईफोडे गुरुजी. विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, आसपासच्या गावांत भानामती आणि अंगात येणं बंद पाडत फिरलेले. निरोप मिळाल्याबरोबर सायकलवरून भिजत आले. "आणा त्याला समोर," म्हणाले. "पंधरा मिनिटांचं काम आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात सगळे जमले. पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की ओरडून बोलावं लागत होतं. गणोरकर एका बाकावर बसला होता. त्याची नजर सारखी लोकांवरून पलीकडे, दऱ्याच्या दिशेला जात होती.

"तुम्ही कोणत्या यंत्रातून आलात?" गुरुजींनी सुरुवात केली. "ते चालतं कसं?"

"गुरुजी, तुम्ही एसटीने फिरता. गिअरबॉक्स कसा चालतो ते सांगता?"

लोक हसले. गुरुजी चिडले नाहीत. "डीपीतून तेल गळत होतं. ते मीही बघितलं होतं. जळणार हे कुणीही सांगितलं असतं."

"मग सांगायचं होतं."

पुन्हा हशा. या वेळी गुरुजींचा चेहरा उतरला. पण ते मुरलेले होते. पुढे वाकून सावकाश म्हणाले, "बरं. तळवाडी वाहून गेली हे तुम्ही पुढच्या काळात पाहिलंत. म्हणजे ती वाहून गेलीच. मग या लोकांना हलवून उपयोग काय? आणि समजा हलवल्यामुळे कुणी मेलं नाही, तर तुम्ही तिकडे पाहिलंत ते काय? दोन्ही खरं कसं असेल?"

बरोबर पेच पडला होता. मी गणोरकरकडे पाहत होते. त्याने पहिल्यांदाच खाली पाहिलं.

"तुमचं बरोबर आहे," तो म्हणाला. "हे वाचले तर मी खोटा ठरेन."

"मग?"

"ठरू दे."

गुरुजी आमच्याकडे वळले. "ऐकलंत? स्वतःच्या तोंडाने कबूल केलं त्याने!"

मी पुढे होऊन लोकांना म्हणाले की आता घरी चला, सण तोंडावर आहे, लेकरं आजारी पडताहेत, सरकार तुमच्या पाठीशी आहे. माझं बोलणं संपायच्या आत गयाबाई तिडके उठली. तिचीच सून चौथीच्या वर्गात बाळंत झाली होती.

"मॅडम, ह्यो खोटा निघाला तर आमचं चार दिस वाया गेलं. तुमी खोट्या निघालाव तर?"

मी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी चष्मा पुसायला लागले होते.

"ठीक आहे," मी म्हणाले. मला राग आला होता, गयाबाईचा की स्वतःचा ते कळत नव्हतं. "मी इंजिनिअरसाहेबांना बोलावते. ते तलाव बघतील आणि तुमच्यासमोर सांगतील. मग तरी याल?"

"येऊ की. आमाला काय हौस हाय हितं ऱ्हायाची?"

गणोरकरने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर एकदम इतका थकवा दिसला की क्षणभर मला वाटलं, हा आता खाली कोसळणार.

उपअभियंता वझरकर दुपारी आले, नाखुशीनेच. तालुक्यातले सगळे तलाव त्यांच्याकडे आणि जीप एकच, तीही महिन्यातून पंधरा दिवस बंद. "तलाव ठणठणीत आहे हो," ते वाटेत म्हणत होते. "उन्हाळ्यातच पाहणी झाली."

"तुम्ही स्वतः आला होतात?"

"पाहणी झाली ना," ते म्हणाले.

आम्ही चौघं होतो. वझरकर, लोमटे, मी आणि गणोरकर. गुरुजी आणि गावातली दहा-बारा माणसं मागून येत होती. भरावावरून चालताना डाव्या हाताला पाणी काठापर्यंत आलेलं दिसत होतं, तपकिरी आणि जड. वझरकर मोठ्याने समजावत होते. भराव कसा रचतात, मधली चिकणमाती पाणी कसं अडवते. "थोडा पाझर सगळ्याच तलावांना असतो. चला, पायथ्याला नेऊन दाखवतो. स्वच्छ पाणी झिरपत असेल, त्याने काही होत नाही."

आम्ही घसरत घसरत उतरलो. पायथ्याशी गवतातून पाण्याचा एक ओघळ वाहत होता, मनगटाएवढा जाड. वझरकर खाली बसले. त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, बघितलं, टाकून दिलं. परत घेतलं. मग ते तसेच बसून राहिले.

"काय झालं, साहेब?" लोमट्यांनी विचारलं.

"गढूळ आहे," वझरकर म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "पाणी एकटं येत नाहीये. भरावातली माती घेऊन येतंय. आतून पोखरतोय हा."

मी मागे वळून पाहिलं. गणोरकर लांब उभा होता, भरावाकडे पाठ करून.

त्यानंतर वझरकरांना मी वेगळाच माणूस झालेलं पाहिलं. पाणी सोडायची झडप गंजून बसली होती, ती चार माणसांनी लोंबकळूनही हलली नाही. मग त्यांनी साखर कारखान्याकडून जेसीबी मागवला आणि सांडव्याचा उंबरा फोडायला घेतला, म्हणजे तलावातलं पाणी बाजूच्या ओढ्याला लागेल. ज्या ओघळाला वाळूच्या गोण्या आणि खडी लावायची होती, तिथे तळवाडीच्या माणसांनी रांग केली. लोमट्यांनी वर्दीचा शर्ट काढून गोण्या उचलल्या. गुरुजींनीही उचलल्या. दुसरा दिवस मावळेपर्यंत पाणी दोन पुरुष उतरलं होतं आणि ओघळ बोटाएवढा झाला होता.

घटस्थापना आली. सगळे माळावरून तलावाकडे बघत बसले. काही झालं नाही. दुपारी ऊनसुद्धा पडलं. संध्याकाळी बायका खाली गेल्या, घरं झाडली, घट बसवले.

तलाव फुटला नाही, एवढंच लोकांना दिसलं. वर्तमानपत्रात मथळा आला, 'भविष्यातून आलेल्या भोंदूचे पितळ उघडे', खाली गणोरकरचा फोटो. गुरुजींचा सत्कार झाला. पण तो खरा की खोटा, हा वाद तळवाडीत अजून मिटलेला नाही. आता तिथल्या प्रत्येक पोराच्या हातात फोन आहे आणि त्यात मुंबई-पुण्याला कामाला गेलेल्यांची तोंडं दिसतात. मग पारावर कुणीतरी म्हणतं, बघा, सांगितलं होतं त्याने. दुसरं म्हणतं, मग तलाव का नाही फुटला? गुरुजी होते तोवर फोनचं त्याने कुठल्या मासिकात वाचलं असेल हे पटवून द्यायचे. गयाबाई म्हणायची, असंल बाबा, पर आमी उठलाव म्हूनच साहेब आला ना तळ्यावर.

पण मी सांगतेय ते घटस्थापनेनंतरच्या सकाळचं.

लोमट्यांनी त्याला परत माझ्यासमोर उभं केलं. मी तोच कागद पुढे केला. त्याने बसून, वळणदार अक्षरात लिहिलं, 'मी सांगितलेले सर्व खोटे होते.' सही केली आणि मला पेन परत दिलं.

"आता वय खरं लिहू?" लोमट्यांनी विचारलं.

"एक्कावन्न लिहा," तो म्हणाला.

मी लोमट्यांना बाहेर थांबायला सांगितलं. ते गेल्यावर मी म्हणाले, "तुम्हाला ते गढूळ पाणी आधीच माहीत होतं."

"श्रावणापासून."

"मग सरळ का नाही सांगितलंत?"

"कुणाला?" तो हसला. हसणं कुत्सित नव्हतं. "मॅडम, मी पण इंजिनिअर. वझरकरांसारखाच. दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या तलावावर. मी वरती सांगितलं. ते म्हणाले, पावसाळा संपल्यावर बघू. मी गावात गेलो, लोकांना पाझराचं शास्त्र समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा पाजला. कधी फुटेल, म्हणाले. मी म्हणालो, सांगता येत नाही, कदाचित फुटणारही नाही. खरं तेच सांगितलं ना मी. मग ते घरी जाऊन झोपले."

बाहेर टाइपरायटर वाजत होता.

"नोकरी सोडली त्यानंतर. जुने तलाव बघत फिरतो. सुरुवातीला सांगायचो, मी इंजिनिअर आहे. तर विचारायचे, आता कुठल्या खात्यात आहात, कागद दाखवा. तलाठी म्हणायचा, तुमचा अधिकार काय? एका गावात चिडून मी म्हणालो, अरे, मी पुढचं बघून आलोय! आणि माणसं गोळा झाली. पहिल्यांदा. लोकांना तारीख लागते, मॅडम. कधीतरी म्हटलं की कुणी उठत नाही."

"तारीख चुकली तर?"

"चुकली की मी भोंदू. त्यात काय मोठंसं?" मग तो पुढे झुकला आणि त्याच्या आवाजात पहिल्यांदा घाई आली. "पण आता माझा फोटो छापून आलाय. आता माझं कुणी ऐकणार नाही. करंजखोऱ्याचा तलाव यापेक्षा वाईट आहे. मला दोन्हीकडे पुरं पडता आलं नाही. तुम्ही जा. आज जा."

माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते मी लपवत नाही. मला वाटलं, हा परत सुरू झाला. मी कागदावरची ओली सही बघितली. खोटं बोललो असं लिहून देणाऱ्या माणसावर मी विश्वास कसा ठेवायचा? सणाचे दिवस होते, कलेक्टरसाहेबांनी सकाळीच शाबासकी दिली होती. मी उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. बसवेना. शेवटी वझरकरांच्या घरी फोन लावला. मी करंजखोरा म्हटल्याबरोबर ते म्हणाले, "तिकडे तर मी तीन वर्षांत गेलोच नाहीये. जीप घेऊन येतो."

करंजखोऱ्याला पोचायला रस्ताच उरला नव्हता. शेवटचा टप्पा आम्ही, लोमटे आणि गणोरकरसह, चालत गेलो. तलाव लहान होता, पण दऱ्यात कोंबलेला, आणि त्याच्या पोटाशीच पंचवीस-तीस घरं. पायथ्याला गढूळ झरे एक सोडून तीन ठिकाणी लागले होते. वझरकरांनी नुसती मान हलवली. इथे जेसीबी आणायला वाट नव्हती.

लोक जमले. त्यांनी गणोरकरला ओळखलं.

"ह्यो तर पेपरातला भोंदू!" एकजण ओरडला. "आता आमची वस्ती उठवाया आला का?"

पोरं टाळ्या पिटायला लागली. कुणीतरी विचारलं, "काय रं, कितव्या सालातून आलास आज?"

मला वाटलं तो मागे सरेल. तो पुढे झाला आणि हात जोडले. "मी तोच. मी खोटं बोललो, लिहूनही दिलंय. म्हणून मी काही सांगत नाही. माझी गंमत बघायला जमलात, तसे या बाईंचं ऐकायलाही थांबा."

आणि तो बाजूला झाला. सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे वळले.

मी काय बोलले ते मला धड आठवत नाही. पाझराबद्दल बोलले नाही एवढं नक्की. एका म्हाताऱ्याच्या हाताला धरून मी त्याला पायथ्याशी नेलं आणि ओंजळीत पाणी घ्यायला लावलं. पाणी बोटांतून गळून गेलं, तळहातावर माती राहिली. "ही या भरावातली आहे," मी म्हणाले. "उद्या सूर्य मावळायच्या आत फुटेल." तशी तारीख कुणालाच सांगता येत नव्हती. वझरकरांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. "आणि जो घरात राहील त्याला मी फौजदारांकरवी बांधून वर नेईन."

शिव्या देत का होईना, माणसं उठली. रात्र पडायच्या आत सगळे वरच्या टेकाडावर, वनखात्याच्या रोपवाटिकेत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आधी आवाज आला. लांबून खडीचा ट्रक रिकामा करावा तसा. मग भरावाच्या मधोमध एक भगदाड दिसलं, आणि बघता बघता त्याच्या दोन्ही बाजू गळून पडल्या. पाणी घरांवरून गेलं. पत्रे, कणगी, एक अख्खा दरवाजा चौकटीसकट फिरत गेला. टेकाडावर बायकांनी हंबरडा फोडला. एक कुत्रं सोडून वस्तीत जिवंत काही नव्हतं, आणि तेही पोहत काठाला लागलं.

मी वझरकरांचा दंड घट्ट धरला होता, हे नंतर लक्षात आलं. मी गणोरकरला शोधायला लागले. त्याला काहीतरी सांगायचं होतं, काय ते माहीत नव्हतं. तो पाण्याकडे बघतही नव्हता. रोपवाटिकेतल्या रोपांच्या वाफ्यांमधून तो माणसामाणसापाशी थांबत होता, वाकून काहीतरी विचारत होता, पुढे सरकत होता. मला वाटलं, माणसं मोजतोय. मी जवळ गेले.

"सगळे आहेत," मी म्हणाले. "लोमट्यांनी दोनदा मोजलेत."

"मोजत नाहीये." त्याचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचं त्याला भान नव्हतं. "नावं विचारतोय. त्या पहिल्या तलावाखालच्या गावात मला एकाचंही नाव माहीत नव्हतं. चहा पाजला होता, तरी मी विचारलं नव्हतं. मग तलाव फुटल्यावर सगळी एकदम कळली, दवाखान्याच्या ओट्यावर."

समोर एक चार-पाच वर्षांची मुलगी शेळीचं करडू पोटाशी धरून उभी होती. तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला.

"तुझं नाव काय गं, बाळा?"

"छबू," ती म्हणाली. आणि त्याने विचारलं नव्हतं तरी करडाचंही सांगितलं.